हमीदार

६ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. (यातले शेवटचे दोन वि. कशाचे ते मला शाळेतही कळलं नव्हतं. तू वकील आहेस, हवा तो अर्थ काढ.)

तुझा भाऊ पकडला गेला आहे. घाबरू नकोस. चोरी नाही, मारामारी नाही. झोपलो होतो, एवढाच गुन्हा.

मागच्या पत्रात लिहिलं होतं ना, की शीतगृहातलं काम सोडून मी विजेचे टॉवर रंगवणाऱ्या टोळीत शिरलो म्हणून? टोळी म्हणजे तीनच माणसं. मुकादम, रंगारीमामा आणि मी. शेतांतून तारांची रांग जाते, तिच्या मागोमाग आम्ही. चढायचं, गंज खरवडायचा, रुपेरी रंग मारायचा, उतरायचं, तंबू उचलायचा, पुढे. ताई, वर गेलं की पक्षी आपल्या खालून उडतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला उगाच त्यांची पाठ खाजवावीशी वाटली. एका टॉवरवर तर कावळ्याने घरट्यात कुणाच्या तरी चष्म्याची काडी लावली होती, आणि मामा म्हणाले की कावळ्याला म्हातारपणी जवळचं दिसत नसेल. हे राहू दे. भरकटलो.

तर त्या दिवशी टॉवर ओढ्याच्या अलीकडे होता आणि तंबू पलीकडे, कारण पलीकडे सावली होती. ओढा म्हणजे जिल्ह्याची हद्द. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, ओढ्यालाही सांगितलं नसावं. परवाना अलीकडचा होता. सकाळी जीप आली, आणि नव्या वास्तव्य कायद्याप्रमाणे परजिल्ह्यात विनापरवाना मुक्काम केला म्हणून आम्हाला इथे निवाराघरात आणलं. मुकादमाची सासुरवाडी जवळच. सासऱ्याने येऊन हमी दिली आणि तो सुटला. जावयाच्या कामी आलेला हा पहिलाच सासरा असावा.

इथे आम्हाला कैदी म्हणत नाहीत, निवासी म्हणतात. फाटकाला कुलूप आहे, पण ते आमच्या सुरक्षेसाठी आहे असं अधीक्षकसाहेब म्हणाले. फोन ऑफिसात जमा आहेत, तेही सुरक्षेसाठी. ज्याचं कायमचं घर आहे आणि जो कमावता आहे, असा हमीदार येऊन सही करेपर्यंत बाहेर सोडत नाहीत. मामांना घर नाही, बायको नाही, सासरा तर नाहीच. साठीला आलेत. मी पहिल्या दिवशी टॉवरच्या मध्यावर थिजलो होतो, खाली येता येईना, वर जाता येईना. तेव्हा हे वर चढून माझ्या शेजारी बसले आणि इतका लांबलचक, इतका भिकार विनोद सांगितला, की वैतागून माझे हात सुटे झाले. त्यांना डोक्यावर छप्पर सहन होत नाही. तंबूतही अर्धं अंग बाहेर काढून झोपायचे. इथे दिवसभर खिडकीच्या गजाला नाक लावून बसतात.

तुझं घर आहे, कमाई आहे. ये, दोन सह्या कर, आणि आम्हाला ने. मामांना मी सांगून ठेवलंय की माझी ताई म्हणजे नुसती पेन उघडेल आणि कुलूप आपोआप पडेल. माझी लाज राख.

तुझा लोभ आहेच, तो फाटकापर्यंत घेऊन ये.
भिंगरी


१४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

अ. आ. तुझं पत्र वाचून आधी रडले, मग हसले, मग टेबलावरच्या सगळ्या फायली बाजूला सारून तुलाच लिहायला बसले. वकिलाला आलेली आणि वकिलाने पाठवलेली पत्रं ते उघडत नाहीत, म्हणून मोकळेपणी लिहिते.

या कायद्याविरुद्ध मी वर्षभर डोकं आपटते आहे. घटनेने माणसाला देशात कुठेही जाण्याचा, कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे. त्यावर सरकार ओढ्याओढ्याला परवाना मागतं, आणि परवाना नसला तर गुन्हा न नोंदवता कोंडून ठेवतं, हे घटनेत बसत नाही. एवढं साधं आहे. पण ते न्यायालयाच्या तोंडून वदवायला कोंडलेला माणूस लागतो. पहिल्यांदा एका फळवालीच्या नावाने अर्ज केला. सुनावणीच्या दिवशी सकाळी तिला सोडून दिलं. न्यायमूर्ती म्हणाले की आता वाद उरलाच नाही. दुसऱ्यांदा ट्रकवरचा क्लीनर होता, त्याचंही तेच. सरकार कायदा वाचवत नाही, माझे अशील पळवतं. आणि तो क्लीनर महिन्याभराने दुसऱ्याच जिल्ह्यात पुन्हा आत गेला.

मी उद्या येऊन सह्या करू शकते. पण हमीच्या कागदाचं पहिलंच वाक्य असं आहे, की सदर कायदा मला मान्य आहे. त्याखाली माझं नाव गेलं, की तोच कागद सरकारी वकील कोर्टात फडकवतील. मग ही लढाई माझ्यापुरती संपली.

म्हणून विचारते. हट्टी माणूस हवा आहे, सोडतो म्हटलं तरी न जाणारा. दुसऱ्याच्या भावाला हे विचारायला माझी जीभ रेटणार नाही, म्हणून माझ्याच भावाला विचारते. तू कधी एका जागी महिनाभर टिकला नाहीस, हे ठाऊक आहे. आमचे थोरले वकीलसाहेब म्हणतात की दोन आठवड्यांत सुनावणी लागेल. मामांनाही तेवढंच थांबायला सांग. निकाल लागला की तुम्ही दोघेच काय, सगळे निवासी बाहेर येतील, आणि कुणाला कुणाच्या सहीची गरज उरणार नाही.

नाही म्हणालास तरी रागावणार नाही. जरा वेळ रागावेन.

तुझी, अजून तरी लाडकी,
ताई


२२ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. (दोन्ही वि. आता विचारपूर्वक.)

थांबतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला कुठेही न जाण्याचं काम दिलं आहे, बघू जमतं का.

खोलीत सोळा खाटा आहेत. एक विहिरी खोदणारा, दोन सर्कशीतले तंबूवाले, एक पोरगा बहिणीच्या बाळंतपणाला निघाला होता तो वाटेतच इथे. भिंतीला हिरवा रंग दिलाय, तोही बिनअस्तराचा, बोट लावलं की पापुद्रा निघतो. मामांनी पहिल्याच दिवशी तो खरवडून पाहिला आणि रंगाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अधीक्षकसाहेबांना मी म्हटलं की रंग द्या, आम्ही नीट करून देतो. ते म्हणाले की निवाशांकडून काम करून घेणं कायद्यात बसत नाही. कायद्याची एवढी काळजी करणारा माणूस मी पाहिला नाही.

मामांना सगळं समजावलं. तुझी फळवाली, तुझा क्लीनर, घटना, सगळं. ते म्हणाले की घटना वगैरे ठीक आहे, पण किती दिवस? मी म्हटलं, दोन आठवडे. ते म्हणाले, तू म्हणतोस म्हणून. दोन आठवडे काय, श्वास रोखूनही काढता येतात.

एक विचारू? मामांपुरती सही तुझ्या थोरल्या वकीलसाहेबांनी केली तर? की त्यांचंही पेन घटनेला बांधलेलं आहे? नुसतं विचारतोय.

लोभ वाढव, तारीख वाढवू नकोस.
भिंगरी


१९ डिसेंबर

चि. ताईस,

अ. आ. मी परवा जाऊन आले. तू गेली नाहीस. वकिलाने वारंवार गेलं तर बरं दिसत नाही, असं तू म्हणालीस म्हणे. बहिणीने न गेलेलं बरं दिसतं का, ते मला माहीत नाही.

पोरगा बारीक झाला आहे. बोलतो, हसतो, पण बसत नाही. भेटीच्या वेळेत सारखा भिंतीकडेने चालत होता, मी मधे खुर्चीवर आणि तो माझ्याभोवती. दोन आठवडे म्हणाली होतीस. तारीख पडली, मग न्यायमूर्तींच्या सुट्ट्या लागल्या. त्यांच्या सुट्ट्या घटनेत बसतात वाटतं.

ते रंगारी भाऊ माझ्याशी फार अदबीने बोलले. मी त्यांच्यासाठी सही करायला तयार होते. पण मी कमावती नाही म्हणून माझी सही चालत नाही. घर माझं, जन्म गेला त्यात राबून, तरी मी कमावती नाही. हेही तुझ्या अर्जात घाल, जागा उरली तर.

तुझं बरोबर असेल. लहानपणापासून तुझं बरोबरच असायचं, आणि ठेच त्याला लागायची.

जेवत जा वेळेवर.
आई


१७ जानेवारी

चि. भिंगरीस,

अ. आ. अखेर सुनावणी झाली. तीन दिवस चालली, दालनात पाय ठेवायला जागा नव्हती.

सरकारी वकील म्हणाले की हा तुरुंग नव्हेच, हा आसरा आहे, आणि उघड्यावर झोपणाऱ्याला छप्पर देणं हे तर घटनेनेच सरकारवर टाकलेलं काम आहे. थोरले साहेब उठले आणि म्हणाले की ज्या आसऱ्याला कुलूप बाहेरून असतं त्याला दुसरा शब्द आहे. एक न्यायमूर्ती हसले, दुसरे हसले नाहीत. त्यांनी विचारलं की फिरण्याचा हक्क आहे मान्य, पण त्यात झोपण्याचा हक्क येतो का? तासभर यावरच खल झाला. माणूस न झोपता देशभर फिरू शकतो का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मागे बसलेले शिकाऊ वकीलही खुसखुसले. इतक्या वर्षांत मला कोर्ट असं जिवंत कधी वाटलं नव्हतं.

मग व्हायचं तेच झालं. तिसऱ्या दिवशी सरकारने तुझ्या सुटकेचा हुकूम पुढे केला. हमीशिवाय, बिनशर्त, फक्त तुझ्यापुरता. साहेब म्हणाले की आमचा अशील जाणार नाही, कायद्याचा निकाल लागल्याशिवाय एक पाऊल टाकणार नाही. न्यायमूर्तींनी निकाल राखून ठेवला आहे.

तेव्हा तुला फाटक उघडून देतील. जाऊ नकोस. कशावरही सही करू नकोस. वादात जीव आहे तो तू आत आहेस तोवरच.

तुझा अभिमान वाटतो, हे पत्रात लिहिणं सोपं जातं म्हणून लिहिते.
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न.

रोज सकाळी नऊला शिपाई फाटक उघडतो आणि माझं नाव पुकारतो. मी फाटकापाशी जातो, रस्ता बघतो. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पलीकडे चढ, चढावर आपलेच टॉवर. तीन रंगवलेले, चौथा गंजका. मग मी मागे वळतो. अधीक्षकसाहेब हात जोडतात, म्हणतात, बाबा रे, जा ना. पहिले काही दिवस सगळे खिडकीतून टाळ्या वाजवायचे. आता कुणी वाजवत नाही. बहिणीच्या बाळंतपणाला निघालेल्या पोराने काल विचारलं की तुला जाता येतं तरी तू जात नाहीस, मग तुझी जागा मला का देत नाहीत? तुझ्याकडे उत्तर असेल तर कळव.

मामांचं लिहायचं होतं. गेल्या आठवड्यात दुपारी ते अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर चढले. पळून जायला नाही. टाकी अंगणाच्या मधोमध आहे, तिथून पळून कुठे जाणार? वर नुसते बसले होते पाय सोडून, आणि मला खालून दिसलं की माणूस किती महिन्यांनी नीट श्वास घेतोय. शिट्ट्या झाल्या, धावपळ झाली. चौघांनी मिळून उतरवलं. जीव द्यायला चढले होते असं लिहून घेतलं आणि त्यांच्या सुरक्षेसाठी आतल्या खोलीत हलवलं. त्या खोलीला खिडकी नाही, ताई. मला दिवसातून एकदा भेटू देतात. काल त्यांनी एकही विनोद सांगितला नाही. म्हणाले, वकीलबाईंना विचार, एक सही जमेल का. मोठं माणूस माझ्यासमोर मान खाली घालून हे बोललं.

कर ना सही. माझी नको करू. मी बसतो इथे, दाढी पांढरी होईपर्यंत बसतो. फक्त मामांची कर.

भिंगरी


२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अ. आ. निकाल कधीही लागेल. या टप्प्यावर माझी हमी म्हणजे सरकारच्या हातात आयतं कोलीत. अर्जदाराची बहीण आणि वकील हा कायदा मान्य करते, मग तक्रार कुणाची? थोरल्या साहेबांनी सही केली तरी तेच. एवढे महिने वाया जातील. तुझे, मामांचे आणि माझेही.

त्यांना डॉक्टर दाखवावा म्हणून मी कडक नोटीस पाठवली आहे. थोडे दिवस. मला दगड समजू नकोस. मला रात्र रात्र झोप नाही, पण ते मी कुणाला सांगत नाही.

ताई


११ एप्रिल

चि. भिंगरीस,

अ. आ. काल निकाल लागला. तुला वर्तमानपत्रातून कळण्याआधी माझ्याकडून कळावा म्हणून लगेच लिहिते.

आपण हरलो नाही. जिंकलोही नाही. न्यायमूर्ती म्हणतात, अर्जदारासाठी फाटक जानेवारीपासून उघडं होतं, तो स्वखुशीने आत राहिला. जो स्वखुशीने राहतो त्याला कोंडला असं म्हणता येत नाही. कोंडलाच नसेल तर त्याच्या हक्काला बाधा आली नाही, आणि बाधा आली नाही तर कायदा घटनेत बसतो की नाही हे तपासण्याचं कारण उरत नाही. तो प्रश्न योग्य प्रकरणात पाहू म्हणून खुला ठेवला आहे. सत्तर पानं आहेत. त्यातली साठ आपल्या बाजूची आहेत, उरलेल्या दहांनी घात केला.

बाहेर गेला की वाद संपतो, आत राहिला की स्वखुशी ठरते. ही फट मला दिसायला हवी होती. थोरल्या साहेबांनाही दिसली नाही. ते दालनाबाहेर बाकावर बसून राहिले, काळा कोट हातात घेऊन.

पण ऐक. ज्याच्यासाठी दार उघडलंच नाही असा माणूस आपल्याकडे आहे. मामांना कुणी कधीच सोडतो म्हटलं नाही, त्यांना तर खिडकीही नाही. यापेक्षा स्वच्छ प्रकरण मला मिळणार नाही. सोबत वकीलपत्र पाठवते आहे. खुणेच्या जागी त्यांची सही घे. या खेपेला दोन महिन्यांत निकाल आणते. त्यांना समजावून सांग, तुझं ते ऐकतात.

लोभ असेलच, असं धरून चालते.
ताई


२८ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं वकीलपत्र परत पाठवतोय. कोरं आहे. मामांना दाखवलंच नाही. माझं ते ऐकतात, म्हणूनच दाखवलं नाही.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी फाटकातून बाहेर पडलो. कुणी टाळी वाजवली नाही की अडवलंही नाही. आईकडे आलो. तिने घरावर माझं नाव लावलं. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात रंग मारायचं काम धरलं. चार भिंतींत मशीनने फवारतात, नाकाला फडकं बांधून. पक्षी वगैरे नाहीत. पहिल्या पगाराची पावती हातात आली तसा कमावता झालो, घरवाला झालो, आणि निवाराघरात जाऊन मामांचा हमीदार झालो. सदर कायदा मला मान्य आहे, याच्याखाली सही केली. कारकुनाने विचारलं की दबाव आहे का कुणाचा. मी म्हटलं, नाही. त्याने लिहिलं, स्वखुशीने. मग वर बघून म्हणाला, तुमच्या बाबतीत तर हे कोर्टानेही म्हटलंय.

हे जानेवारीतच करता आलं असतं. फाटक उघडलं, त्याच दिवशी. तुला सुचलं नाही, मला सुचलं नाही. मामांना सुचलं असणार, पण ते बोलले नाहीत.

आता कागदाप्रमाणे दर सोमवारी आम्ही दोघं ठाण्यात हजेरी देतो. मला न सांगता त्यांना जिल्हा ओलांडता येत नाही आणि ठाण्याला न सांगता मला. मुकादम मधे येऊन गेला. नवी टोळी केलीय, टॉवर पार डोंगरापर्यंत रंगवून झाले म्हणाला. मामांनी ऐकून घेतलं, विचारलं काहीच नाही.

कायदा वाईट आहे, हे तुझं म्हणणं मी कधी नाकारलं नाही. मी तर त्यात राहून आलोय. तू लढ. तुला योग्य प्रकरण मिळेल, माणसं रोज आत जातायत. ते बाळंतपणाला निघालेलं पोरगं अजून तिथेच आहे, त्याला विचार, तो नाही म्हणणार नाही. पण त्याला दोन आठवडे असं सांगू नकोस.

येणार असशील तर ये, घर तुझंही आहे. आई तुझ्यासाठी ताट वाढेल, बोलेल की नाही ते सांगत नाही. काळा कोट मात्र घालून येऊ नकोस आणि हातात फाईल आणू नकोस. तसं माणूस दारात दिसलं की मामा उठून मागच्या खोलीत जातात आणि बोलावलं तरी येत नाहीत. आम्ही त्यांची खाट अंगणात टाकली होती, वर मोकळं आभाळ. ते तिथे झोपले नाहीत. आतल्या कोठीच्या खोलीत झोपतात, दार ओढून, आणि मला म्हणतात, बाहेरून कडी घाल.

मी घालतो.

भिंगरी